पंचविसावा

विमा कंपनीच्या इमारतीतली दोन नंबरची लिफ्ट सातव्या मजल्यावर अर्धा इंच वर थांबत होती. नील बार्टोश गुडघ्यावर बसून ते अंतर पोलादी पट्टीने मोजत होता, तेव्हा दोन तरुण कारकून दुपारचं खाणं कागदी पिशव्यांत घेऊन आत शिरले. तपासणी चालू असताना लोकांना आत घेऊ नये असा नियम होता, आणि दर वर्षी प्रत्येक इमारतीला तो नीलच लिहून द्यायचा. पण रिकाम्या लिफ्टचा आवाज खोटा असतो असं त्याचं ठाम मत होतं. आत माणसं आली, त्यांचं वजन या पायावरून त्या पायावर गेलं, की मग दोर खरं बोलायला लागतात. बावीस वर्षं तो एरी शहरातल्या लिफ्टा तपासत होता आणि त्याची सही असलेली एकही लिफ्ट कधी कोणाला दगा देऊन गेली नव्हती.

"एकच राहिला आता," उंच कारकून म्हणाला. "शनिवारी पोरानं अजून एक टाकला की बार्टोश गेला."

"कोण बार्टोश?"

"चोवीसवाला रे. हार्लो कॉलेजच्या फुटबॉल टीमचा. ब्याण्णव साली एका हंगामात चोवीस पास समोरच्या टीमच्या हातात नेऊन दिले त्यानं. आमचे बाबा ते नाव शिवीसारखं वापरायचे. बर्फात गाडी सुरू झाली नाही की म्हणायचे, झाला हिचा बार्टोश."

दुसरा इतका हसला की त्याच्या पिशवीतून लोणच्याच्या काकडीचं पाणी गळलं.

"एकानं बरोबरी होईल," नील पट्टी पुसत म्हणाला. "त्या मुलाचे तेवीस झालेत. बार्टोशला घालवायला दोन लागतील."

"बरीच माहिती दिसते तुम्हाला."

"थोडीफार."

दार उघडलं, ते दोघे गेले, आणि नील आपला कंदिलासारखा जड टॉर्च हातात धरून तसाच उभा राहिला. नाव ऐकून त्याला काही झालं नव्हतं. ते नाव तो बत्तीस वर्षं ऐकत होता, न्हाव्याकडे, चर्चच्या मासळी-जेवणात, एकदा तर सासऱ्याच्या अंत्यविधीला. त्याला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. 'बार्टोश गेला' हे शब्द कानावर पडताच त्याच्या आत काहीतरी आनंदाने उडी मारून उठलं होतं, आणि ते पुरतं उभं राहायच्या आत त्याच्या मागून दुसरं काहीतरी उठलं होतं, ती भीती होती. स्वतःच्या मनाची यंत्रं आपल्याला ठाऊक आहेत असा त्याचा समज होता. हे दुसरं यंत्र कुठून आलं ते त्याला कळेना. त्याने वहीत 'सातवा मजला, अर्धा इंच, दुरुस्त करावे' असं लिहिलं, खाली सही केली, आणि पाहिलं तर सही नेहमीसारखीच आली होती, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.

बाहेर तळ्यावरून वारा येत होता. स्टेट स्ट्रीटवरून चालताना तो तो आकडा मनात फिरवत राहिला. चोवीस. एकविसाव्या वर्षी तो आकडा त्याच्या अंगावर पडला तेव्हा पहिले सहा महिने तो लोकांच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मग एका लग्नात एक मुलगी सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तूच ना तो चोवीसवाला? मला वाटलं होतं तुझे डोळे तिरळे असतील." ती मार्सी. त्या रात्री तो सहा महिन्यांत प्रथमच हसला, आणि त्याला शोध लागला की हा आकडा खिशात घालून फिरता येतो. लोक काही बोलायच्या आधी आपणच बोलायचं. तपासणीला गेला की इमारतीचा रखवालदार विचारायचा, लिफ्ट सुरक्षित आहे ना, तो म्हणायचा, "मी फक्त चेंडू चुकीच्या माणसाला देतो, लिफ्ट नाही." लोक हसायचे आणि विश्वास ठेवायचे. लाजेचा असा उपयोग करायला जमलं याचा त्याला अभिमान होता, आणि तो काही खोटा अभिमान नव्हता. गावात यशस्वी म्हणवणारी कितीतरी माणसं एका साध्या चुकीच्या आठवणीने पन्नाशीतही लाल होताना त्याने पाहिली होती. तो कधी लाल होत नसे. मग आज ही भीती कसली? आकडा दुसऱ्याच्या नावावर गेला तर जाऊ दे ना. पण कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबल्यावर त्याला स्पष्ट कळलं: चोवीस हा आकडा इतकी वर्षं एका दारासमोर उभा होता. लोक आकड्याशीच बोलून, हसून परत जायचे. आकडा हलला की दार दिसणार.

संध्याकाळी मार्सीने कोबी आणि नूडल्स लोण्यात परतल्या होत्या. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची, आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडी पाहिल्यामुळे बंद तोंडाचा तिला फार राग यायचा.

"मुकुट जाणार म्हणून सुतक धरलंयस का?" तिने विचारलं.

"मला काय फरक पडतो?"

"तेच म्हणते मी. पडत नसेल तर दुसऱ्यांदा वाढून घे. तू कधी एका ताटावर उठत नाहीस."

त्याने वाढून घेतलं. मार्सीला सगळं माहीत होतं, त्याचं वजन, त्याचा रक्तदाब, चर्चमध्ये तो कोणत्या ओळीला झोपतो ते; फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. लपवायची म्हणून त्याने ती लपवली नव्हती. सांगायची वेळ पहिल्या वर्षी आली नाही, आणि मग दर वर्षी थोडा अधिक उशीर होत गेला.

बुधवारी कोच हॅलोरनचा फोन आला. हॅलोरन हार्लोच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मुख्य प्रशिक्षक होता, पाच वर्षांपूर्वी आलेला, आणि या हंगामात दहापैकी एकच सामना जिंकल्यामुळे सध्या गावात मान खाली घालून किराणा आणणारा. दोघांची ओळख कॉलेजच्या लिफ्टमुळे झाली होती.

"नील, तुला एक विचित्र काम सांगतो. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही."

"आधी सांग तर."

"एमरीशी बोल. माझा क्वार्टरबॅक. सगळे पास त्यानंच फेकायचे, आणि पोरगं फेकतच नाहीये. लोक म्हणतात चुकीचं फेकतो. ते ऑक्टोबरपर्यंत होतं. आता तो फेकतच नाही. गेल्या शनिवारी मी छत्तीस वेळा पासचा डाव सांगितला, त्यानं सतरा फेकले. बाकीच्या वेळी चेंडू पोटाशी धरून बसला, नाहीतर पळाला. माणसं मोकळी उभी असतात, नील. हात वर करून उभी असतात."

नीलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सगळं करून पाहिलं," हॅलोरन म्हणाला. "फिल्म दाखवली, ओरडलो, आईस्क्रीम खायला नेलं. या शनिवारी नुसतं पळण्याचे डाव सांगावेत असं माझे दोन सहायक म्हणतायत. तसं केलं तर हंगाम संपेल, पण पोरगंही संपेल. पुढच्या वर्षी तो फेकणार नाही. तुझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काहीतरी असेल."

"माझ्याकडे विनोद आहेत."

"विनोद सांग मग."

गुरुवारी साडेतीनला नील सरावाच्या मैदानावर गेला. जाळीपाशी उभा राहून त्याने एमरी वॉसला पाहिलं. मुलगा सहा फूट दोन इंच होता, खांदे अजून भरायचे होते, पण फेक सुंदर होती. चेंडू बोटांतून सुटताना आवाजच व्हायचा नाही. समोर बचाव करणारं कोणी नसलं की तो चाळीस यार्डांवरून झेलणाऱ्याच्या छातीवर चेंडू ठेवायचा. मग हॅलोरनने शिटी वाजवून समोर अकरा माणसं उभी केली, आणि नीलने जे पाहिलं ते त्याला लिफ्टच्या दोराइतकं स्वच्छ दिसलं. मुलगा मागे सरकला, डोकं वर केलं, माणूस शोधला. सापडला. हात वर गेला. आणि तिथे, कानाच्या जवळ, तो हात विचार करायला लागला. पाऊण सेकंद. मग चेंडू खाली, पोटाशी, आणि एमरी धावत सुटला. मैदानाच्या कडेला कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. चांगला पळाला होता तो. नीलच्या स्वतःच्या उजव्या दंडात कळ आली. त्या दंडाने गेल्या तीस वर्षांत पुतण्यांना फेकलेल्या चेंडूंपलीकडे काही केलं नव्हतं, पण तो पाऊण सेकंद त्याच्या ओळखीचा होता. घरातल्या माणसाची पावलं जिन्यावर ओळखू यावीत तसा त्याने तो ओळखला.

सराव संपल्यावर ते दोघे पत्र्याच्या रिकाम्या बाकांवर बसले. एमरीने शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच काढलं, अर्धं तोडून नीलपुढे केलं. नीलने घेतलं.

"कोचनी पाठवलं ना तुम्हाला?" एमरी म्हणाला. "मला माहीत आहे तुम्ही काय सांगणार. की जग बुडत नाही. की तुम्ही लग्न केलंत, घर घेतलंत, लोक तुमच्यावर प्रेम करतात."

"करतात ते."

"मला तसं प्रेम नको आहे, सर." मुलाने मान वळवली नाही. "वाईट वाटून घेऊ नका. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आजोबा मला सामन्याला आणायचे. तुम्ही तिथे खाली बसायचात, लोक येऊन तुमच्या पाठीवर थाप मारायचे, तुम्ही काहीतरी बोलायचात आणि सगळे हसायचे. आजोबा म्हणायचे, चांगला माणूस आहे बिचारा. मला फेकायची भीती वाटत नाही. मला 'बिचारा' व्हायची भीती वाटते."

नील सँडविच चावत राहिला. असं त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याला राग आला नाही. उलट, एखाद्याने बरोबर माप घेतलं की वाटतो तसा आदर वाटला. बत्तीस वर्षं आपण लोकांना हसवत होतो असं त्याला वाटत होतं. ते हसत होते हे खरं. पण कोणत्या उंचीवरून हसत होते ते या विशीच्या मुलाने सहाव्या वर्षी पाहिलं होतं. त्याने विनोद आठवून पाहिला. एकही येईना. त्याच्या जागी शेवटचा सामना आला, त्या सामन्याची ओली थंडी आली, आणि त्याचं तोंड त्याला न विचारता बोलायला लागलं.

"चोवीस का, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "पंचवीस का नाहीत?"

"कारण चोवीसच फेकलेत तुम्ही."

"कारण पंचविसावा मी फेकला नाही. शेवटचा सामना होता, बफेलोकडच्या कॉलेजशी. चार गुणांनी मागे होतो, आणि घड्याळात नऊ सेकंद. पाऊस होता, त्यात बर्फ. मी डावीकडे सरकलो आणि समोर, अगदी कोपऱ्यात, टेरेन्स गेदर्स एकटा उभा होता. माझा सर्वांत चांगला झेलणारा. माझा सर्वांत चांगला मित्र. त्याच्या पंधरा पावलांत कोणी नव्हतं. हात वर केलेला. माझा हात वर गेला. आणि मला चेंडू दिसला नाही, गेदर्स दिसला नाही, मला पेपरात छापलेला पंचवीस दिसला. मी चेंडू पोटाशी धरला आणि पळालो. शेवटच्या रेषेच्या पाच यार्ड आधी पाडलं मला. सामना संपला."

एमरीने आता मान वळवली.

"दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं माहीत आहे? 'निदान शेवटी तरी बार्टोशने चेंडू सोडला नाही.' शाबासकी मिळाली मला. आणि फिल्ममध्ये काही नाही. कॅमेरा माझ्यावर होता, कोपरा त्यात येतच नाही. हे मी आणि गेदर्स सोडून कोणाला माहीत नाही. चोवीस चुकांचं मला काही वाटत नाही, बाळ. त्या मी केल्या. हात वर गेला, चेंडू सुटला, चुकला. त्या माझ्या आहेत, आणि त्यांच्यावर मी खुशाल हसतो. पण तो एक जो मी फेकला नाही, त्याच्यावर मला एकही विनोद सुचलेला नाही."

मैदानावर कोणीतरी खुणेचे शंकू गोळा करत होतं. एमरीने सँडविचचा कागद घडी घालून लहान केला, अजून लहान केला.

"गेदर्सना विचारलंत कधी? त्यांना काय वाटलं ते?"

"नाही."

"बत्तीस वर्षांत?"

"नाही."

"मग मला का सांगताय?" मुलगा म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "त्यांना सांगायला हवं ना."

गाडी चालवत घरी येताना नीलला एकदम हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणावर तो विश्वास ठेवायला तयार नव्हता. अर्धंच वजन काढलेली लिफ्ट अशीच सुसाट वर जाते. तो गेदर्सचा विचार करत होता. गेदर्स यंग्सटाउनला शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, दीड तासावर. नीलचे वडील इस्पितळात होते तेव्हा सलग चार शनिवार तो गाडी चालवत आला होता, म्हाताऱ्याची दाढी करायला, कारण नीलने दाढी करायला घेतली की म्हातारा रडायचा. नीलच्या लग्नात त्याने असं भाषण केलं होतं की मार्सीच्या मावशा त्याच्याच प्रेमात पडल्या. दर वेळी त्याचा चांगुलपणा नीलला थोडा टोचायचा. वाटायचं, हा माणूस मला माफ करतोय. तोंडाने काही न बोलता, वर्षानुवर्षं, एवढ्या मोठ्या मनाने माफ करतोय की त्याला थांबवायचं कसं तेच कळत नाही. माफी आपण कधी मागितली नाही आणि त्याने ती द्यायचं कधी थांबवलं नाही, असा हा व्यवहार. आणि त्यावर मैत्री उभी, आणि मैत्री खरीच. घरापाशी आल्यावर त्याने गाडीतच बसून फोन लावला.

"शनिवारी येतोयस?" त्याने विचारलं.

"चुकवीन का?" गेदर्सचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा होता. "तुझं राज्य खालसा होणार आणि मी घरी बसू? काळा कोट घालून येतो."

शनिवारी आकाश स्वच्छ होतं, थंडी कोरडी, आणि दगडी स्टेडियम निम्मं भरलं होतं, म्हणजे हार्लोच्या मानाने गर्दीच. गेदर्स खरोखरच काळा कोट घालून आला होता. मार्सीने थर्मासमधून सूप ओतून दोघांना दिलं आणि मधून उठून ती मैत्रिणींकडे जाऊन बसली, कारण तिच्या मते ते दोघे एकत्र आले की बावीस वर्षांचे होत आणि तिला लहान मुलांचा कंटाळा होता. आधी सांगावं की नंतर, हे नीलने ठरवलं नव्हतं. त्याने फक्त एवढं ठरवलं होतं की आज. त्याच्याकडे त्या दिवशी एक शांत, भक्कम खात्री होती, आणि ती सामन्याबद्दल नव्हती.

पहिल्याच डावात एमरीने फेकला. सुटला. पुन्हा फेकला, बारा यार्ड, झेलला. नील पुढे वाकून फक्त मुलाचा दंड पाहत होता. कानापाशी हात थांबत नव्हता. चुकत होता, मागे पडत होता, एकदा तर स्वतःच्याच माणसाच्या शिरस्त्राणावर आपटला, पण थांबत नव्हता. मध्यंतराच्या थोडं आधी, समोर पुन्हा आलेल्या त्याच बफेलोच्या टीमच्या एका ठेंगण्या बचावपटूने मध्येच उडी मारून चेंडू हिरावला. चोवीस. मैदानभर हुंकार उठला, आणि दहा-बारा डोकी नीलकडे वळली.

"बरोबरी रे बार्टोश!" वरून कोणीतरी ओरडलं. "आता घट्ट धरून बस!"

नीलने हात हलवला. मध्यंतरात हार्लो दहा गुणांनी मागे होतं. पुन्हा खेळ सुरू झाला आणि चौथ्याच डावात एमरीने डावीकडे सरकून लांब फेकला, बरोबर माणसाला, बरोबर जागी, पण वाऱ्याने चेंडू हातभर उंच नेला आणि मागच्या बचावपटूच्या मिठीत घातला. पंचवीस. या वेळी हुंकारही नीट उठला नाही. लोकांना काय करावं कळेना. मग वरचाच आवाज म्हणाला, "सुटलास रे, नील!" आणि सगळीकडून हसणं आणि टाळ्या आल्या, पाठीवर थापा आल्या, अनोळखी हातांनी त्याची टोपी काढून परत घातली. नीलने स्वतःच्या आत पाहिलं. मोकळेपणा नव्हता, दुःख नव्हतं. लोकांचं हसणं आता त्याच्या अंगावर थांबत नव्हतं, वाहून खाली बाकावर बसलेल्या त्या मुलाकडे जात होतं, आणि मुलगा शिरस्त्राण मांडीवर घेऊन समोर पाहत होता. नीलला वाटलं उठावं आणि ओरडून सांगावं, बिचारा म्हणू नका त्याला, कोणी म्हणायचं नाही. तो उठलाही. पण तेवढ्यात हार्लोच्या बचावाने चेंडू परत मिळवला, एमरीने शिरस्त्राण चढवलं, मैदानात गेला, आणि पहिलाच डाव, कोणी कल्पनाही केली नव्हती असा, एकेचाळीस यार्ड. झेलला. स्टेडियम उठून उभं राहिलं. त्यापुढचा पाऊण तास नीलला सलग आठवत नाही. मुलगा फेकत होता एवढंच. शेवटच्या चालीत आठ फेकले, सहा झेलले गेले, आणि हार्लोने तीन गुणांनी सामना जिंकला. हंगामातला दुसरा विजय. हॅलोरन मैदानात वेड्यासारखा स्वतःच्या टोपीवर उड्या मारत होता. एमरी बाकांच्या खालच्या कडेने धावत गेला, नीलच्या इतक्या जवळून की त्याच्या गालावरची माती दिसली, पण त्याने वर पाहिलं नाही. तो आईला शोधत होता. ते बरोबरच होतं.

माणसं पांगली. मार्सी गाडी गरम करायला पुढे गेली. गेदर्स थर्मासचं झाकण लावत होता, आणि ते त्याला नीट लागत नव्हतं, कारण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुरती वळत नसत. वसतिगृहाच्या दारात सापडली होती, असं तो सांगायचा.

"गेदर्स," नील म्हणाला. "बफेलोचा सामना. शेवटचे नऊ सेकंद. तू कोपऱ्यात मोकळा होतास."

गेदर्सने झाकण खाली ठेवलं. "मला वाटलंच होतं, कधीतरी तू हे काढशील," तो हळू म्हणाला. "आधी मला बोलू दे. मला तुझे आभार मानायचेत, आणि बत्तीस वर्षं जमलेलं नाही."

"आभार?"

"ही बोटं दारात नव्हती सापडली. त्या सामन्यातच, शेवटून तिसऱ्या डावात मोडली. कोणाला सांगितलं नाही, कारण मी बाहेर गेलो असतो तर माझ्या जागी तो पहिल्या वर्षाचा घाबरट पोरगा आला असता आणि तू एकटा पडला असतास. पण शेवटच्या डावात मला सहन होईना. मी हात वर केला तो बाकाकडे, कोचकडे बघून. मला बाहेर घ्या म्हणून. आणि तू वळलास, माझ्याकडे पाहिलंस, चेंडू वर उचललास, आणि खाली घेतलास. मला वाटलं, नीलनं पाहिलं. एवढ्या पावसात माझा हात पाहिला त्यानं, आणि सामना सोडला पण मला नाही तोंडघशी पाडलं. तो चेंडू आला असता तर हजार लोकांसमोर माझ्या हातातून सुटला असता. माझ्या पोरींना सांगितलंय मी हे. लहानपणापासून सांगतो. मित्र कसा असतो म्हणून."

तळ्याकडून एक गाडी भोंगा वाजवत गेली, विजयाचा. चार शनिवार, दाढीचा साबण, लग्नातलं भाषण, हे सगळं नीलच्या मनात उठून जागा बदलून बसलं. ती माफी नव्हतीच. ते ऋण होतं, आणि त्याचा धनी व्हायचा आपल्याला काही अधिकार नव्हता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. बत्तीस वर्षांत त्याने इतकी सोपी गोष्ट कधी पाहिली नव्हती.

"मी तुझी बोटं पाहिली नाहीत," तो म्हणाला. "मला फक्त तू मोकळा दिसलास. आणि मी घाबरलो. पंचविसाव्याला घाबरलो. बस, एवढंच झालं."

गेदर्स त्याच्याकडे बघत राहिला. रसायनशास्त्राच्या मास्तराने नळीतला रंग बदलतोय का ते बघावं तसा, न हलता.

"काहीच पाहिलं नाहीस?"

"काहीच नाही."

"पोरींना काय सांगू मी आता?" तो म्हणाला आणि एकदम हसला, पण ते हसणं मध्येच कुठेतरी अडकलं आणि त्याने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "तरी सांगतो, सुटलाच असता. शंभर टक्के."

"कदाचित."

"पण टाकायला हवा होतास, नील." आता त्याच्या आवाजात पहिल्यांदा थोडा राग होता, स्वच्छ, ताजा, बत्तीस वर्षं वापरला न गेलेला. "सुटला असता तर माझ्या हातून सुटला असता. ते माझं होतं. ते तू मला द्यायला हवं होतंस."

"हो," नील म्हणाला. "हवं होतं."

गेदर्स उठला, गुडघे सरळ केले, थर्मास काखेत मारला. दोन पायऱ्या उतरून तो थांबला.

"उद्या दोघी पोरी जेवायला येणार आहेत. नातही असेल. तू ये आणि तूच सांग त्यांना. मी समोर बसून ऐकणार, एक शब्द मदत करणार नाही."

"किती वाजता येऊ?" नीलने विचारलं.